अलका चौकात गाड्यांच्या रेघांऐवजी सांडलेलं दूध येतंय. माझं काय चुकतंय?

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इथे वर्षभर नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

मी पुण्यात लक्ष्मी रोडवर एका कापडाच्या दुकानात हिशेब बघते. यंदाच्या दिवाळी बोनसमध्ये साठवलेले थोडे घालून एक वापरलेला कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ची लेन्स. ट्रायपॉड मावसभावाचा. त्याचा एक पाय ढिला आहे, त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. हौस एकच आहे. गाड्यांच्या दिव्यांच्या त्या लांबच लांब लाल-पांढऱ्या रेघा काढायच्या, कॅलेंडरवर असतात तशा.

तीन वेळा गेले, तिन्ही वेळा तोंडावर पडले.

पहिल्यांदा झेड पूल. दुकान साडेआठला बंद होतं, गल्ला जुळवून पोचेपर्यंत सव्वानऊ. मी ट्रायपॉड उघडला तशी शेजारच्या जोडप्यातल्या मुलीने ओढणी तोंडावर घेतली आणि दोघंही उठून गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटोत आकाश डांबरासारखं काळं, दिवे सहा टोकांच्या चांदण्यांसारखे, आणि सगळं दोन-दोन दिसतंय, चष्मा विसरल्यासारखं.

दुसऱ्यांदा अलका चौक. तीस सेकंद, एफ ४, आयएसओ ४००, कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं तसं. रेघ एकही नाही. चौकभर दूध सांडलंय आणि त्यात एक बस बुडाली आहे, असा फोटो.

तिसऱ्यांदा म्हात्रे पूल. हा त्यातल्या त्यात बरा. पण काही गाड्यांच्या मागच्या दिव्यांची रेघ सलग नाही, धावदोरा घातल्यासारखी तुटक आहे. आकाशात हिरवे ठिपके आहेत, खालच्या दिव्यांचीच कुणी उलटी नक्कल काढावी तसे. आणि प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा अर्धा मिनिट ‘बिझी’ दाखवत बसतो. ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला, तर म्हणे, “ताई, जुना आहे, चालायचंच.” तिथे एका काकांनी ट्रायपॉड बघून विचारलं, “रस्त्याची मोजणी का?” मी हो म्हणून टाकलं.

तर सेटिंग काय ठेवू आणि कुठे जाऊ? कृपा करून आकडे सांगा. “क्षण पकडा” वगैरे नको, मी हिशेबाची बाई आहे.

---

चहा-खारी | मंगळवार, रात्री ११:३२

संध्याकाळी अलका चौकात गाड्या हलतात असं तुम्हाला कोणी सांगितलं? कॅमेरा एकदम निर्दोष आहे. होतं तेच त्याने दाखवलं.

(जाणकार येतीलच. मी खुर्ची पकडून ठेवतो.)

---

पर्वतीपायथा | बुधवार, पहाटे १:०५

हिशेबनीस ताई, मी लग्नाचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागलं की माझी वणवण सुरू होते, म्हणून हे असं अवेळी लिहितोय. पण बाकीचं वर्ष संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या पुलावर असतो, आणि तुम्ही सांगितलेल्या सगळ्या चुका मी पदरच्या पैशाने केलेल्या आहेत.

आधी दुधाचं बघू. तुम्ही हिशेबाच्या आहात तर हिशेबातच सांगतो. गाडी चालत असते तेव्हा तिचा दिवा फोटोतल्या एकेका ठिपक्यावर क्षणभरच असतो. तिथे चिल्लर टाकतो आणि पुढे सरकतो. सिग्नलला थांबलेला दिवा मात्र तीस सेकंद एकाच खात्यात भरणा करत राहतो. ते खातं फुगून फुटतं, ते तुमचं दूध. यातून एक गोष्ट निघते जी मला कळायला दोन वर्षं लागली: रेघेचा उजेड शटर किती वेळ उघडं राहतं यावर ठरतच नाही. तो ठरतो अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) आणि आयएसओवर (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), आणि अर्थात गाडीच्या वेगावर. शटर दहा सेकंद ठेवा नाहीतर तीस, चालत्या गाडीची रेघ तेवढीच उजळ येणार, फक्त लांब होणार. शटरने बदलतं ते न हलणारं सगळं, म्हणजे इमारती, झाडं, आकाश.

म्हणून आयएसओ १०० आणि एफ ११. इथे कायमचा खुंटा ठोका. रेघा फारच बारीक आणि मंद वाटल्या तर एफ ८. एफ १६च्या पुढे जाऊ नका, चित्र मऊ पडायला लागतं. मग फिरवायचं एकच चाक उरतं, शटरचं, आणि ते आकाशाकडे बघून फिरवायचं.

आता काळ्या आकाशाचं. तुम्ही सव्वानऊला गेलात हीच मुख्य चूक. रात्रीचे म्हणून जे फोटो आपल्याला आवडतात ते रात्री काढलेले नसतातच, संध्याकाळी काढलेले असतात. सूर्य बुडाल्यावर पंधराव्या मिनिटापासून तिसाव्या मिनिटापर्यंत आकाश गडद निळं असतं आणि रस्त्यावरच्या दिव्यांशी त्याचा तोल जमतो. त्याआधी दिवे फिके, त्यानंतर आकाश मेलेलं. परदेशी व्हिडिओत ‘ब्लू अवर’ म्हणून तासभराची गोष्ट सांगतात. त्यांच्याकडे असेल. आपण साडेअठरा अक्षांशावर राहतो, इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. लंडनला जूनमधला संधिप्रकाश आपल्या दुप्पट चालतो. तिकडे माणूस कॉफी पिऊन येतो, इथे लेन्सचं झाकण शोधेपर्यंत खेळ आटोपतो.

सध्या पुण्यात सूर्य सहाच्या दोन-तीन मिनिटं आधीच मावळतो. (सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला तरी सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटीच होऊन जातो. पैज लावायला चांगलं आहे, मी दोन मिसळी जिंकलोय.) म्हणजे तुमची वेळ सव्वासहा ते साडेसहा. साडेपाचला जागेवर उभं राहायचं. पंधराव्या मिनिटाला एफ ११वर चार-पाच सेकंद पुरतील, पंचविसाव्याला पंधरा-वीस, आणि तीस सेकंद लागायला लागले की आवरतं घ्यायचं. जून-जुलैत हेच सगळं साडेसातच्या सुमाराला सरकतं.

आणखी एक. १ एप्रिल २०१७पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही. म्हणजे चारचाकीवाले दिवे लावायच्या आधीपासून आपल्याकडे दुचाक्यांच्या रेघा मिळायला लागतात. दुचाक्यांच्या शहरात राहण्याचा एवढा तरी उपयोग.

आता तुमचे किरकोळ आजार.

‘बिझी’: कॅमेरा बिघडलेला नाही आणि जुना झाला म्हणूनही नाही. लांब एक्स्पोजर झाला की तो शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेतो आणि त्यातले खोटे ठिपके पहिल्या फोटोतून वजा करतो. मेनूत ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ शोधा आणि बंद करा. आपल्याकडे पंधरा मिनिटं असतात, त्यातली निम्मी ह्याला कुठून देणार?

हिरवे ठिपके: लेन्सवर यूव्ही फिल्टर आहे ना? त्याच्या सपाट काचेवरून दिवे उलटे परततात. रात्री तो काढून खिशात ठेवा.

धावदोरा: शब्द आवडला, वापरणार. कॅमेऱ्याचा दोष नाही. एलईडीचा उजेड कमी ठेवायचा असला की बऱ्याच गाड्यांत तो दिवा भराभर चालू-बंद केला जातो. डोळ्याला कळत नाही, रेघेत टाके दिसतात. गंमत बघा, ब्रेक मारला की तोच दिवा पूर्ण पेटतो आणि रेघ सलग, जाड होते. इंडिकेटरचे मात्र लांब लांब केशरी टाके पडतात. पुण्यातल्या फोटोत असा टाका सापडला तर फ्रेम करून लावा.

चांदण्या: लेन्सच्या आतल्या पात्यांमुळे. सहा पाती, सहा टोकं. सात पाती असली तर चौदा. विषम आकडा दुप्पट होतो. हा दागिना आहे, आजार नाही.

दोन-दोन दिसणं: एक तर तुमचा टेपवाला पाय. दुसरं, लेन्सवरचं स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करायचं. तिसरं, बोटाने बटण दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. चौथं म्हणजे पूल. दोन खांबांच्या मधोमध पूल झोके घेतो, उभं राहिलं तर तळव्यांना कळतं. खांबाच्या डोक्यावर उभं राहायचं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही, आणि पिशवी लटकवायची तर जमिनीला टेकेल अशी, नाहीतर तीच लंबक होते.

फोकस अंधारात स्वतःहून लागणार नाही. मागच्या पडद्यावर लांबचा दिवा मोठा करून बघा, जुळवा आणि मॅन्युअलवर टाकून विसरून जा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये.

जागेचं उद्या. डोळे मिटताहेत.

---

रानवेडी | बुधवार, सकाळी ७:४८

जागेचं मी सांगते, मी रोज टेकडीवर असते.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून गेलात तर शहर छान पसरलेलं दिसतं, पण तुमच्या १८-५५च्या लेन्सला रस्ते लांब पडतील. रेघा दोऱ्याएवढ्या येतील. हनुमान टेकडी आणि एआरएआयच्या टेकडीचंही तेच. तिथे शहराचे दिवे काढायचे, गाड्यांच्या रेघा नाहीत. जुन्या कात्रज बोगद्याकडे जाताना घाटातली वळणं मिळतात, आणि रेघेला वळण मिळालं की फोटो आपोआप उभा राहतो. पण ते गाडी आणि सोबत असेल तरच.

सोबतीचं जरा स्पष्टच बोलते. टेकडीवर अंधार पडल्यावर एकटीने थांबू नका. निळं आकाश संपलं की खाली. डोक्याला लावायची बॅटरी न्या, उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. रस्त्यावर असाल तर फिकट रंगाचे कपडे. दुभाजकावर उभं राहून फोटो काढणारे मी बघितलेत. त्यांना मी मनातल्या मनात हार घालते. नवले पुलाच्या उतारावर तर कुणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नका.

आणि ताई, झेड पूल का सोडलात? जागा उत्तम आहे, वेळ चुकली. पुलावर कॅमेरा लावून पुलावरच्याच गाड्या काढू नका. कठड्यावरून खाली बघा. खाली नदीपात्रातला रस्ता जातो, शेजारून काठाकाठाने मेट्रोचा मार्ग. मेट्रो गेली की खिडक्यांचा एक अखंड पांढरा पट्टा उमटतो. जोडप्यांकडे पाठ राहते, तेही खूश.

---

हिशेबनीस | बुधवार, रात्री १०:५५

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. वहीत उतरवून घेतलं आहे, डावीकडे आजार, उजवीकडे औषध.

नॉइज रिडक्शन बंद केलं. कॅमेरा लगेच मोकळा होतो! आणि मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले होते मनात.

पण एक अडचण. माझी सुट्टी सोमवारी. बाकी सहा दिवस सव्वासहाला मी साड्यांच्या बिलांत असते. म्हणजे आठवड्यातून एक संध्याकाळ, त्यातली पंधरा मिनिटं. नऊ वाजता सुटणाऱ्या माणसाने काय करावं? आकाश काही माझ्यासाठी थांबणार नाही.

---

बी सेटिंग | गुरुवार, सकाळी ६:२०

मुली, मी ७४ वर्षांचा आहे, टंकायला वेळ लागतो.

तुझा अलका चौकाचा प्रश्न आम्ही टोपीने सोडवला होता. माझ्याकडे झेनिट होता, रशियन, विटेसारखा जड. त्याच्यावर बी म्हणून एक खूण असते, बटण दाबून धरलं की शटर उघडंच राहतं. केबल लावून ते अडकवून ठेवायचं. गाड्या चालू आहेत तोवर भिंग उघडं. सिग्नल लाल झाला, गाड्या थांबायला लागल्या की वडिलांची काळी टोपी भिंगावर धरायची. सिग्नल सुटला की टोपी बाजूला. म्हणजे थांबलेल्या गाड्यांची नोंदच होत नाही, फक्त चालणाऱ्यांची होते. असं चार-पाच सिग्नल करायचं. टोपी भिंगाला टेकता कामा नये, समोर नुसती धरायची. तुझ्या कॅमेऱ्यालाही ही सोय आहे, रिमोटची वायर तेवढी घे, बटण अडकून राहणारी. टोपी आजकाल मिळत नाही, काळा पुठ्ठा चालेल.

छत्तीस फोटोंचा रोल असायचा. वहीत प्रत्येक फोटोची वेळ लिहायचो, धुऊन आल्यावर ताडून बघायचो. आणि फिल्मला लांब एक्स्पोजरमध्ये आळस चढायचा, हिशेबाने दहा सेकंद येत असतील तर वीस-पंचवीस द्यावे लागायचे. तुम्हाला ते दुखणं नाही.

विसर्जनाच्या रात्री मी ह्याच चौकात टोपी धरून उभा होतो. एक गृहस्थ आले, म्हणाले, “अहो, कॅमेऱ्याला नमस्कार करताय की काय?”

---

पर्वतीपायथा | गुरुवार, दुपारी २:१५

काका, टोपीला सलाम. रविवारी एका लॉनमध्ये करून बघतो. काळा पुठ्ठा नाही, पण नवरदेवाच्या मामांकडे टोपी असतेच.

ताई, टोपीचाच आजचा अवतार सांगतो, तो नऊ वाजताही चालतो. एकच तीस सेकंदांचा फोटो काढण्याऐवजी आठ-दहा सेकंदांचे ओळीने वीस-तीस काढा. कॅमेरा कंटिन्युअसवर, काका म्हणतात तो रिमोट अडकवलेला. घरी आल्यावर ज्यात गाड्या थांबल्या आहेत, बस आडवी आली आहे, कुणी ट्रायपॉडला धक्का दिला आहे, ते फोटो टाकून द्या. उरलेले एकावर एक रचा. स्टारस्टॅक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, तारे फिरताना दाखवण्यासाठी केलेलं. ते प्रत्येक ठिकाणी सगळ्यात उजळ ठिपका ठेवतं, म्हणून गाड्यांनाही चालतं. इमारती फुटत नाहीत, रेघा साचत जातात.

आणि नऊ वाजता आकाश वाईट दिसतं ना? मग ते घेऊच नका. उंचावरून खाली बघा. कडेला दुकानं, मध्ये रस्ता, वर काही नाही. तुम्ही लक्ष्मी रोडवर काम करता. तुमच्या दुकानाच्या वर काय आहे?

---

एकच क्लिक | गुरुवार, रात्री ९:४०

वाद घालायचा नाही, पण राहवत नाही. वीस फोटो एकावर एक रचायचे, नको ते वगळायचे, आणि मग “हा लक्ष्मी रोड” म्हणून दाखवायचा. त्या रस्त्यावर एका वेळी तेवढ्या गाड्या नव्हत्या. हे फोटो काढणं नाही, शिवणकाम आहे. एक एक्स्पोजर, जे आलं ते आलं. चुकलं तर उद्या परत.

---

पर्वतीपायथा | गुरुवार, रात्री ११:५८

तीस सेकंदांच्या एका एक्स्पोजरमध्ये तरी “एका वेळी” काय असतं साहेब? रस्ता पन्नास वेळा बदलून जातो तेवढ्यात. आणि “उद्या परत” म्हणायला ह्या बाईंना सोमवार एकच आहे.

---

बी सेटिंग | शुक्रवार, सकाळी ६:०५

मी टोपी काढत-घालत होतो. तेही शिवणकामच झालं. मला ७४व्या वर्षी कळलं.

तरी ‘एकच क्लिक’ यांचं थोडं पटतं. आधी एका फोटोत जमवायला शिक, मग रच. नाहीतर वगळायची सवय लागते आणि बघायची सवय सुटते.

---

चहा-खारी | शुक्रवार, सकाळी ९:१२

मला एवढंच विचारायचं आहे की मोबाइलवर होतं का? सगळं वाचलं पण कॅमेरा घ्यायची ऐपत नाही, ती खारीत गेली.

---

रानवेडी | शुक्रवार, सकाळी १०:३०

होतं. बऱ्याच फोनांत लाँग एक्स्पोजरची किंवा प्रो मोडची सोय असते. फोन कठड्यावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा, टायमर लावायचा आणि आयएसओ सगळ्यात कमी. फोनचं अ‍ॅपर्चर बहुधा बदलत नाही म्हणून रेघा लवकर भडक होतात, तेव्हा तुम्हाला त्या पंधरा मिनिटांची गरज ताईंपेक्षा जास्त. आणि फोन कठड्याच्या आतल्या बाजूला ठेवा. मुठेत पडलेला फोन कोणी आणून देत नाही.

---

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ११:३५

हजेरी लावते.

काल सोमवारी झेड पुलावर गेले. साडेपाचला. सोबत धाकटी बहीण, तिला भेळेचं आमिष. ढिल्या पायाला टेपऐवजी सायकलवाल्याकडून क्लिप बसवून घेतली, वीस रुपये. खांबाच्या डोक्यावर उभी राहिले. काका-काकूंची सायंफेरी चालू होती, त्यांच्या पावलांनीही पूल हलतो हे आता मला कळतं!

सूर्य मावळला तेव्हा काहीच दिसेना, सगळं राखाडी. बहीण म्हणाली, चल, भेळ. मी घड्याळ बघत थांबले. सहा तेरा. सहा चौदा. आणि मग कुणीतरी नीळ टाकावी तसं आकाश हळूहळू भरत गेलं, खाली नदीपात्रातल्या रस्त्यावर दुचाक्यांचे दिवे उजळायला लागले. पहिला फोटो पाच सेकंदांचा. मग आठ, तेरा, वीस. एकूण एकतीस फोटो झाले. मेट्रो तीनदा गेली. पहिल्या वेळी मी बघतच राहिले आणि बटण दाबायचं विसरले, दुसऱ्या वेळी घाईत ट्रायपॉडला गुडघा लागला, तिसऱ्या वेळी मिळाली. पांढरा पट्टा, खाली लाल-पिवळ्या रेघा, वर निळं. सहा बत्तीसला आकाश गेलं. खरोखर गेलं, दिवा मालवल्यासारखं. एवढी वर्षं मी ह्या शहरात राहते आणि ही पंधरा मिनिटं मला ठाऊकच नव्हती. दुकानात खिडकी नाही हेही एक कारण असेल.

दुसरी गोष्ट आजची. पर्वतीपायथा दादांनी विचारलं होतं, दुकानाच्या वर काय आहे. वर गोडाऊन, आणि त्याच्यावर गच्ची. मालकांना विचारायला चार दिवस धीर गोळा करत होते. ते म्हणाले, “फोटो? कसले?” मी कालचा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि विचारलं, “ह्यात आपलं दुकान येईल का?” मी म्हटलं, पाटी येईल. किल्ली मिळाली.

तर आज नऊ ते पावणेदहा गच्चीवर. आकाश घेतलंच नाही. दोन्ही बाजूंच्या पाट्या, अर्धवट ओढलेली शटरं, आणि मध्ये रस्ता. लक्ष्मी रोड एकेरी आहे हे रोज बघते, पण त्याचा अर्थ वर गेल्यावर कळला. गाड्या जातात त्या दिशेला तोंड केलं तर सगळ्या रेघा लाल. मागे वळून उभं राहिलं तर सगळ्या पांढऱ्या. म्हणजे एकाच गच्चीवरून दोन वेगळे रस्ते. मी लाल बाजू घेतली. आयएसओ १००, एफ ११, दहा-दहा सेकंद, चोवीस फोटो. त्यातले पाच वगळले, एक टेम्पो माल उतरवत उभा होता त्याचे. बाकीचे एकोणीस रचले. ‘एकच क्लिक’ साहेब, आपण कापडवाली माणसं, शिवणकामाला नाव ठेवू नका. पण काकांचं ऐकून एक सबंध तीस सेकंदांचाही काढला आहे, सलग, न वगळता.

दोन्ही खाली जोडले आहेत. रचलेल्या फोटोत एक भानगड आहे. सगळ्या लाल रेघांच्या मधून एक बारीक पांढरी रेघ चालली आहे, डाव्या कडेने, थोडी वाकडी. आधी मला वाटलं लेन्सवर काहीतरी आहे. पुसून पाहिलं. मग एकेक फोटो उघडून बघितले, तर सातव्यात ती सुरू होते आणि आठव्यात संपते. स्कूटर आहे. उलट्या दिशेने येतेय.

ती काढून टाकू का?

---

चहा-खारी | मंगळवार, रात्री ११:४१

खबरदार!

---

एकच क्लिक | बुधवार, सकाळी ८:०२

ठेवा. आणि तीस सेकंदांचा फोटो जास्त चांगला आहे. डावीकडच्या पाटीखाली तो कुल्फीवाला एवढा वेळ न हलता कसा उभा राहिला?

---

हिशेबनीस | बुधवार, रात्री १०:२०

त्याची गाडी पंक्चर होती. तो माझ्याकडेच बघत होता.